सहलीची बस यंदा येरवड्याला थांबवा

प्रति,
शिरूर तालुक्यातल्या आणि आसपासच्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि सहल समितीतले बाई-सर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की स्टाफरूममध्ये सहलीचा विषय निघतो. तुमच्याकडंही निघाला असेल. ‘यंदा कुठं?’ ‘मुलांनाच विचारा.’ ‘मुलं काय, वॉटर पार्कच म्हणणार.’ ‘मग रांजणगावचा गणपती आणि वॉटर पार्क. सातच्या आत परत.’ पाच मिनिटांत विषय संपतो आणि कुणीतरी हजेरीपट घेऊन तासाला निघून जातं. मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्यातली बरीचशी वर्षं सहल समितीत काढली. चित्रकलेच्या सरांना तपासायला पेपर कमी, म्हणून हे लोढणं त्यांच्याच गळ्यात पडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा हे पत्र बाहेरून बोट दाखवणाऱ्याचं नाही. वॉटर पार्कच्या पावत्या मी स्वतः फाडल्यात, आणि खोटं कशाला बोलू, घसरगुंडीवरून एकदा आलोही आहे.

मागणी एकच. यंदाच्या सहलीतला अर्धा दिवस एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या एखाद्या जुन्या कॉलेजला द्या. आपल्या भागाला सगळ्यात सोयीचं म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. नगर रस्त्यानं पुण्यात शिरताना येरवडा लागतं, तिथून जवळच ते आहे. शहराच्या ट्रॅफिकमध्ये बस घालायचीही गरज नाही.

हे मला सुचायला वेळ लागला. त्याआधी आम्ही ‘ऐतिहासिक पुणे दर्शन’ नावाचा एक प्रकार बरीच वर्षं केला. एका दिवसात सात ठिकाणं. मुलं रांगेत उतरायची, रांगेत चढायची, दोन ठिकाणं तर बसच्या खिडकीतून दाखवली आणि वहीत लिहायला लावली. एका वर्षी मी हट्टानं एका जुन्या कॉलेजच्या फाटकाशी बस उभी केली. परवानगीचं पत्र नाही, आधी फोन नाही. रखवालदारानं साहजिकच आत सोडलं नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण चूक आमची होती. पन्नास मुलं घेऊन कुणी न सांगता आपल्या शाळेत आलं तर आपण तरी सोडू का? पण फाटकाच्या गजांतून आत बघणारा एक मुलगा सहज म्हणाला, ‘जाऊ द्या सर, आपलं काय काम तिथं.’ हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. दहावीनंतर ज्यानं कॉलेजात जावं म्हणून आपण त्याच्या घरी चकरा मारतो, त्यालाच आपण कॉलेज पहिल्यांदा दाखवलं ते बाहेरून, गजांतून.

पुढच्या वर्षी रीतसर पत्र पाठवलं, परवानगी आली, आणि आठवीची बेचाळीस मुलं घेऊन आम्ही डेक्कन कॉलेजात गेलो.

आत शिरल्यावर आधी झाडंच झाडं. मग त्या झाडांतून ती करड्या दगडाची इमारत वर येते. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या, त्या एकदम थांबल्या. मग सुरू झालं. ‘सर, हितं शूटिंग होतं का?’ ‘सर, चर्च हाय का?’ एकाला तर खात्री होती की आत भूत असणार. मी काहीच सांगितलं नाही. पहिली पंधरा मिनिटं कुणी काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं, हा माझा नियम. चित्रकलेच्या तासालाही मी तो लावत असे आणि तिथंही तो कुणी पाळत नसे.

पंधरा मिनिटांनी पहिला खरा प्रश्न आला. ‘सर, कुणी बांधली?’

प्रश्न साधा, पण त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकासारखं एका ओळीत देता येत नाही. मूळ संस्था या इमारतीहून जुनी. १८१८ साली पेशवाई गेली आणि १८२१ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पुण्यात हिंदू कॉलेज म्हणजे संस्कृत पाठशाळा सुरू केली, तीही दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात. पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटायचे, त्या दक्षिणेच्या पैशातला एक भाग या कामी लावला. १८५१ साली तिचं पूना कॉलेज झालं, १८६४ साली डेक्कन कॉलेज. येरवड्याची ही इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तिथं राहायला गेलं. पैशाचा मोठा वाटा मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय या पारशी दानशूराच्या एक लाख रुपयांच्या देणगीचा. नकाशे काढले कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनियरनं. पुणे कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आणि मुंबईचं जुनं सचिवालय, हीही त्याचीच कामं. ‘बघा, एकच माणूस. ते लाल, हे करडं,’ असं मी म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, दगड कुणी फोडला?’

तिचा बाप खाणीवर कामाला होता. मी गप्प झालो. दगड इथलाच, आपल्या दख्खनचा काळा कातळ. तो फोडणारे, घडणारे, एकावर एक रचणारे हातही इथलेच. कॅप्टनचं नाव राहिलं, शेटजींचं राहिलं, पाथरवटांची आणि गवंड्यांची मात्र आज कुणाला सांगता येत नाहीत. मी तिला म्हटलं, ‘टाकीच्या खुणा बघ. दगडावर बोट फिरव.’ तिनं फिरवलं. मग सगळ्यांनीच फिरवलं. बेचाळीस मुलं भिंतीला हात लावून उभी, असा फोटो आहे माझ्याकडं. लांबून बघणाऱ्याला वाटेल, पोलिसांनी झडतीला उभं केलंय.

आता कमानीचं सांगतो, कारण माझ्या मते सगळी सहल या एका गोष्टीसाठी करावी.

आपल्या मुलांना कमान म्हणजे लग्नाच्या मांडवाची किंवा गावच्या वेशीची ठाऊक. वाड्यातली महिरप कुणी पाहिलेली असते. लाकडातली नागमोडी महिरप बहुतेक वेळा शोभेची. वरचं ओझं तिच्यामागची तुळई पेलते, महिरप नटून पुढं उभी राहते. दगडी कमान तशी नाही. तिच्यावर खरंच भिंत बसलेली असते. डेक्कन कॉलेजच्या कमानी टोकदार, गॉथिक वळणाच्या. मुलांनी त्या वहीत काढायला घेतल्या आणि दहा मिनिटांत बेचाळीस प्रकारचे कांदे तयार झाले. एकाचीही डावी बाजू उजवीला जुळेना.

मग मी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. आधी विचारून घेतलं होतं, म्हणून इमारतीपासून दूर, मोकळ्या मातीत सहा फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या. सुतळीचं एक टोक डाव्या खुंटीला, दुसऱ्या टोकाला काठी, आणि सुतळी बरोबर उजव्या खुंटीपर्यंत पोचेल एवढीच. काठी उजवीकडून वर वर ओढत न्या, मातीत एक चाप उमटतो. आता सुतळी उजव्या खुंटीला बांधा आणि तेच डावीकडून करा. दोन्ही चाप वर जिथं भेटतात, ते कमानीचं टोक. झाली टोकदार कमान. दोन्ही खुंट्या आणि ते टोक सुतळीनं जोडून बघा, समभुज त्रिकोण. भूमितीच्या तासाला कंपासपेटीत काढतो तोच. गणिताचे सर शेजारी उभे होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाले, ‘अहो, हे मी फळ्यावर दोन दिवस शिकवतो.’

मग खरी गंमत. त्याच सहा फुटांवर मी अर्धगोल कमान काढायला लावली. मधोमध खुंटी, तीन फुटांची सुतळी. ती तीन फूट उंच झाली. टोकदार कमान मोजली तर पाच फुटांच्या वर, सव्वापाचला थोडी कमी. तेवढीच रुंदी, पण उंची किती जास्त. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली असते. रुंदी ठरली की उंची ठरली, तिथं तुमचं काही चालत नाही. टोकदार कमानीत केंद्रं सरकवता येतात. आत सरकवली तर कमान बसकी होते, बाहेर सरकवली तर भाल्यासारखी उभट. म्हणजे रुंद दार आणि अरुंद खिडकी यांची टोकं एकाच उंचीवर आणायची असतील, तर टोकदार कमान बांधणाऱ्याला मोकळीक देते. इमारतीतली कुठली कमान बसकी, कुठली उभट, हे मी सांगितलं नाही. ‘सुतळी मनात धरा आणि शोधून आणा,’ म्हटलं. मुलं पांगली. पाच मिनिटांपूर्वी भूत शोधणारा मुलगा आता केंद्र शोधत होता.

ओझ्याचा मुद्दा राहिला होता. त्यासाठी दोन धिप्पाड मुलं समोरासमोर उभी केली. हात वर करून तळव्याला तळवे लावायचे आणि पाय मागं मागं न्यायचे. झाली माणसांची कमान. वरून तिसऱ्यानं त्यांचे तळवे खाली दाबले, की दोघांचे पाय बाहेर घसरायला लागले. ‘बघा, ओझं वरून खाली येतं आणि पायथ्याशी बाहेर ढकलतं.’ मग आणखी दोघांना त्यांच्या टाचांमागं बसवलं. पाय थांबले. भिंतीला बाहेरून जाड धिरे कशासाठी देतात, हे सांगायची गरजच उरली नाही. गवंडी त्याला टेकू म्हणेल. आणि कमान जितकी टोकदार, तितकं बाहेर ढकलणं कमी. हे सगळं व्हायला वीस मिनिटं लागली. घसरलेल्या मुलाची पॅन्ट गुडघ्यावर फाटली, तेवढं संमतीपत्रात लिहून घ्या.

टिळकांबद्दल मुलांना सांगावंच लागत नाही. शेंगांची टरफलं सगळ्यांना पाठ. पण ते विद्यार्थी असताना या कॉलेजच्या वसतिगृहात राहत होते, त्यांची खोली इथं जपून ठेवली आहे, आणि पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तब्येत कमावण्यात घालवलं, हे ऐकल्यावर मागच्या रांगेतली मुलं पुढं आली. तालीम करून उशिरा शाळेत येणाऱ्या एकानं माझ्याकडं असं बघितलं की मला विषय बदलावा लागला. मी आगरकरांवर आलो. तेही इथलेच. अंगात एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्यांची गोष्ट आपण शिक्षकदिनाला भाषणात सांगतो. पण ज्या आवारात तो सदरा वाळत घातला असेल, तिथं उभं राहून सांगितली की तिचं भाषण होत नाही. नादारीत शिकणारी मुलं तेव्हाही होती, इथंच होती, याच वऱ्हांड्यातून जात होती. हे ऐकताना एक-दोन चेहरे खाली गेले. कुणाचे, ते तुमच्या-माझ्यासारख्याला सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट खास तुमच्यासाठी, माजी विद्यार्थी मेळावा भरवता म्हणून. १९३४ साली सरकारनं हे कॉलेज चक्क बंद करून टाकलं. माजी विद्यार्थ्यांनी नाद सोडला नाही, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९३९ साली ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. आपल्या मेळाव्यात माजी विद्यार्थी पंखा देतात. पंखाही लागतोच म्हणा.

त्या नव्या जन्मात तिथं काय काय झालं, ते इमारतीकडं बघून कळत नाही, म्हणून आत जायला हवं. इरावती कर्वे तिथंच शिकवत होत्या. पुण्याच्या रस्त्यांवरून त्या स्कूटर चालवत, तीही बायका सायकलवर दिसल्या तरी लोक वळून बघायचे त्या काळात. मुलींना एवढं सांगून थांबलो, पुढचं त्यांनी आपसांत बोलून घेतलं. तिथंच १९४८ साली डॉ. कत्रे यांनी संस्कृतच्या एका प्रचंड शब्दकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या हजारो वर्षांतले शेकडो ग्रंथ चाळून प्रत्येक शब्द कुठं, कसा, कोणत्या अर्थानं आला, त्याची चिठ्ठी करायची. अशा चिठ्ठ्या जमल्या सुमारे एक कोटी. छापील खंड तिसाच्या वर गेले तरी अजून ‘अ’ चालू आहे. हे ऐकून एक जण म्हणाला, ‘म्हणजे सर, यांचाबी गृहपाठ राहिलाय.’ मी त्याला दटावलं. बसमध्ये परत येताना मलाच हसू आलं. पण त्या पोरानं त्याच आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर आपल्या आजीचे शब्द लिहायला घेतले. त्यात ‘वळचण’ होती, ‘पाभर’ होती, ‘इरजिक’ होती. ‘अ’पासून सुरू करा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याची वही बऱ्यापैकी पुढं गेली.

पण मुलं खरी हलली ती संग्रहालयात. मातीच्या खापरांपाशी एका पाटीवर नाव होतं, इनामगाव.

‘सर, आपलं इनामगाव?’

आपलंच. घोड नदीकाठचं. त्यातल्या दोघांचं आजोळ तिथलं. उसाचा गाव, एवढीच त्यांना त्याची ओळख. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागानं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं उत्खनन केलं. इसवी सनाच्या सुमारे सोळाशे वर्षं आधीपासून सातशे वर्षं आधीपर्यंत तिथं शेती करणारी माणसं राहत होती. त्यांच्या घरांच्या जागा सापडल्या, चुली सापडल्या, जव सापडले. लहान मूल गेलं, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीत पुरायचे. एक मोठा माणूस तर चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला. मी हे सांगत होतो आणि मुलांमध्ये इतकी शांतता होती, की मला वाटलं कुणी मुख्याध्यापक मागं येऊन उभे राहिलेत की काय. घरातच का पुरायचे, असं एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, मला वाटतं, लांब ठेववत नसेल. संशोधक याहून चांगलं उत्तर देतील. तिनं मान हलवली आणि काही लिहिलं नाही.

आता विचार करा. आपल्या तालुक्यातल्या गावाची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि ती आपल्या मुलांना पहिल्यांदा कळली एका कॉलेजच्या इमारतीत, वॉटर पार्कच्या निम्म्या वाटेवर. मी तोवर पंचवीस वर्षं त्याच तालुक्यात नोकरी केलेली. मलाही इनामगावचं नाव पुस्तकात ओझरतं वाचल्याचं आठवत होतं, इतकंच. इथं मुलांना दोष द्यायची सोय नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, कारण त्या मीही पुढं केल्यात. पालक म्हणतात, पैसे भरून दगड बघायला कशाला पाठवायचं? त्यांना इनामगावचं सांगा, आमच्याकडं पुढच्या वर्षी दोन पालक स्वतःच यायला निघाले होते. कुणी म्हणतं, इंग्रजांनी बांधलेली इमारत, तिचं कौतुक कशाला? कौतुक करूच नका. दक्षिणेचा पैसा कुणाचा, देणगी कुणाची, दगड कुणी फोडला, आणि त्याच वर्गांतून बाहेर पडलेल्या पोरांनी पुढं इंग्रजांनाच कसं भंडावून सोडलं, हे विचारा. एवढे प्रश्न एका इमारतीत मिळणार असतील तर ती इंग्रजांची राहतेच कुठं. ‘परीक्षेत येणार का?’ या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. एलिमेंटरीला बसलेल्या मुलांच्या भौमितिक रचना त्या वर्षी बऱ्या आल्या, पण तेवढ्यावरून काही सिद्ध करायचं माझ्या मनात नाही.

करायचं ठरवलंत तर काही गोष्टी अनुभवाच्या. पत्र निदान महिनाभर आधी, शाळेच्या लेटरहेडवर, मुलांची संख्या आणि सोबतच्या शिक्षकांची नावं घालून पाठवा, आणि उत्तर आल्याशिवाय बस ठरवू नका. रविवार टाळा. इमारत रविवारीही तशीच दिसते, पण आत काम करणारी माणसं दिसत नाहीत, आणि ती दिसणं जास्त महत्त्वाचं. टेबलावर वाकून खापर जोडणारी एखादी संशोधक मुलगी दिसली, की आपल्या मुलींना ‘करिअर मार्गदर्शन’ वेगळं लागत नाही. चाळीस-पन्नासांपेक्षा जास्त मुलं नेऊ नका. आणि मोह आवरा. ‘आलोच आहोत तर शनिवारवाडाही करू’ असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. दुसरं ठिकाण घ्यायचंच असेल तर विश्रामबाग वाडा घ्या, कारण हीच संस्था आधी तिथं होती. लाकडी सुरूचे खांब सकाळी आणि दगडी कमानी दुपारी, किंवा उलट. बाकीचं पुणे कुठं जात नाही.

हे पत्र फिरत फिरत तालुक्याबाहेर गेलं, तर तिकडच्या सहकाऱ्यांनी आपल्या जवळचं शोधावं. पुण्यातच १८५४ साली सुरू झालेलं इंजिनियरिंग कॉलेज आहे, विश्वेश्वरय्या तिथं शिकले. मुंबईकडं जाणार असाल तर विद्यापीठाची फोर्टातली इमारत आणि राजाबाई टॉवर. त्यांचे नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं लंडनमध्ये बसून काढले, हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. टॉवरसाठी दोन लाख दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. १८७८ साली तो पुरा झाला, उंची २८० फूट. पण मुलांना उंची दाखवू नका, वरच्या मूर्ती दाखवा. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं आपापल्या पागोट्या-पोशाखांत तिथं दगडात उभी आहेत, आणि त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच इंजिनियरनं केले. दुर्बीण न्या, नाहीतर मान दुखेल.

परत निघताना वऱ्हांड्यात एक मुलगी मागं राहिली. बूट काढून पायरीवर बसली होती. मला वाटलं, पाय दुखतोय. म्हटलं, ‘काय गं?’ म्हणाली, ‘काही नाही सर. हितं आपल्याला शिकता येतं का, का नुसतं मोठ्या लोकांना?’ मी म्हटलं, येतं, पण आधी बी.ए. तरी व्हावं लागतं. तिनं बोटं मोजली. आठवी, नववी, दहावी... दोन्ही हात लागले. मग बूट घालून बसकडं पळाली.

ती पुढं काय झाली, ते मला माहीत नाही. माझी बदली झाली आणि तिचं कुटुंब कामासाठी दुसरीकडं गेलं. म्हणून तिची गोष्ट मी तुम्हाला यशाची गोष्ट म्हणून सांगू शकत नाही. पण गजांतून बघून ‘आपलं काय काम तिथं’ म्हणणारा मुलगा आणि पायरीवर बसून वर्षं मोजणारी ही मुलगी, दोघंही आठवीचीच, एकाच शाळेची, एका वर्षाच्या अंतरानं आलेली. मधल्या काळात आम्ही जास्तीचं एवढंच केलं होतं, की आधी एक पत्र टाकलं.

मी आता निवृत्त आहे. गुरुवार सोडून कुठल्याही दिवशी मोकळा असतो. सोबत यावं असं वाटलं तर बसमध्ये मागची सीट पुरेल, मानधन नको. सुतळीचा गुंडा आणि खुंट्या मी घेऊन येईन. काठी तेवढी तिथं बघू.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक

ता.क. : डबे खायला झाडाखाली बसवलंत तर दोन रिकामी पोती सोबत ठेवा. आमच्या मुलांनी संत्र्याच्या साली गोळा करून एका पोत्यात भरल्या आणि ते पोतं बसच्या टपावर टाकलं. रांजणगावला उतरवायचं राहिलं. शाळेच्या आवारात ते सोमवारी सापडलं, तोवर शिपाईमामांनी बरंच काही बोलून घेतलं होतं.